ज्याची रेंज सगळ्यात कमी, त्याच्यापासून सुरुवात करा

(तासिका तत्त्वावर नव्याने शिकवू लागलेल्या आणि सेट-नेटची तयारी करणाऱ्या तरुणांच्या ऑनलाइन कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



सुरुवातीलाच सांगते, ज्यांना कॅमेरा बंद ठेवायचा आहे त्यांनी तो बिनधास्त बंद ठेवा. मी चेहरे बघून हजेरी घेत नाही. ही सवय मला एका चुकीनंतर लागली. आज मला ऑनलाइन शिकवण्याबद्दल चार कामाच्या गोष्टी सांगायला बोलावलंय. त्या सांगतेच, पण आधी ती चूक सांगते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी तिच्यातूनच आल्या आहेत.

मी परभणी जिल्ह्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. २०२० च्या मार्चमध्ये मी दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात एम.ए.च्या शेवटच्या सत्राला होते. होस्टेल रिकामं करायला सांगितलं, तेव्हा चार कपडे आणि दोन पुस्तकं घेऊन गावी आले. उरलेले तास वस्तीतल्या समाजमंदिराच्या गच्चीवर बसून केले, कारण रेंज तिथेच यायची. पुढच्या वर्षी, २०२१ च्या जानेवारीत, तालुक्याच्या एका विनाअनुदानित कॉलेजात मला तासिका तत्त्वावर काम मिळालं. बी.ए. दुसरं वर्ष, समाजशास्त्र. तास ऑनलाइन. मामाच्या एका खोलीतून मी शिकवायचे. मागच्या भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून दोरीवर एक चादर बांधली होती.

कॉलेजचा नियम असा होता की प्रत्येक तासाचा स्क्रीनशॉट बिलाला जोडायचा. त्यात विद्यार्थी दिसले पाहिजेत. म्हणून मी रोज दहा मिनिटं गेली की म्हणायचे, "चला, सगळ्यांनी कॅमेरे सुरू करा." पटावर साठेक मुलं होती. यायची वीसेक. त्यातला एक मुलगा कधीच कॅमेरा लावत नव्हता. एक दिवस मी त्याचं नाव घेऊन म्हटलं, "कॅमेरा लाव, नाहीतर गैरहजेरी टाकीन."

त्याने लावला. मागे पाचटाची कोपी होती. बाजूला एक लहान मुलगी भांडी घासत होती. तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता आणि फडातून माझा तास ऐकत होता. दोन सेकंदांत चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, "पिकनिकला गेलास का रे?" खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मी म्हटलं, "शांत बसा," आणि शिकवणं पुढे चालू ठेवलं. विषय होता सामाजिक स्तरीकरण. तो मुलगा बाहेर पडला आणि परत कधी आला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मी त्याला फोन केला. घरात एकच फोन, तो वडिलांकडे. दोन-तीनदा लावल्यावर तो बोलायला आला. मला वाटलं होतं, काहीतरी कारण सांगेल. तो म्हणाला, "मॅडम, कॅमेरा बंद होता तवा मी रोज ऐकत होतो." एवढंच. त्या वर्षी त्याने परीक्षेचा फॉर्म भरला नाही.

मित्रांनो, मी वस्तीतून आलेली. बाबासाहेबांचं नाव घेऊन शिकलेली. आणि स्वतः मागे चादर बांधून बसले असताना समोरच्या मुलाला म्हणत होते की तुझं घर दाखव. सवर्ण प्राध्यापकांनी आपल्याशी काय केलं हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण व्यवस्थेने आपल्या हातात हजेरीचा रजिस्टर दिला की तीच व्यवस्था आपल्या हातूनही चालते. तेव्हा नुसतं "मी आपल्यातलाच आहे, मी आपल्यातलीच आहे" एवढं म्हणून भागत नाही. शिकवण्याची पद्धतच बदलावी लागते.

तुम्ही म्हणाल, लॉकडाऊन संपून किती वर्षं झाली, आता हे कशाला? कारण ऑनलाइन शिक्षण गेलेलं नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या पोर्टलवरून करता येतात. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी, नोकरी करून शिकणारे, लग्नानंतर पुन्हा शिकायला लागलेल्या बायका, या सगळ्यांचं बरंच शिक्षण आता फोनवर होतं. शिवाय आपले कार्यकर्ते रविवारी रात्री सेट-नेटचे मोफत वर्ग घेतात, तेही ऑनलाइनच. म्हणजे पुढची काही वर्षं तुमच्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी या पडद्यासमोर बसून शिकवायचं आहे.

या पडद्यामागे एक काल्पनिक विद्यार्थी गृहीत धरलेला असतो. त्याला स्वतःची खोली आहे, स्वतःचा फोन आहे, जमलं तर लॅपटॉपही आहे. तासाच्या वेळी त्याला कुणी पाणी आणायला पाठवत नाही. त्याच्या मागची भिंत रंगवलेली आहे. त्याला इंग्रजीत टाइप करता येतं. हा विद्यार्थी कोण आहे, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, ग्रामीण भारतातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. शहरात हेच आकडे २३.४ आणि ४२ टक्के होते. त्यानंतर मोबाइल खूप पसरले, हे खरं. पण घरात मोबाइल असणं वेगळं आणि तो संध्याकाळी सात वाजता मुलीच्या हातात असणं वेगळं. समाजशास्त्रात पिएर बोर्द्यूने ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं, ते वर्गात बोलण्याच्या ढबीतून दिसतं. ऑनलाइन तासाला ते भिंतीच्या रंगातूनही दिसतं.

आणि पडदा जात विसरतो असं कुणाला वाटत असेल तर २०२१ चा एप्रिल आठवा. आयआयटी खरगपूरच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाचा ऑनलाइन तास चालू होता. हा अभ्यासक्रम अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी असतो. त्या तासात एका प्राध्यापिकेने विद्यार्थ्यांना उघड शिवीगाळ केली. व्हिडिओ बाहेर आला, देशभर संताप झाला, मग निलंबन झालं. तिथे रेकॉर्डिंग होतं म्हणून ते दिसलं. चॅटमधल्या हसणाऱ्या तोंडांचं रेकॉर्डिंग कुणी ठेवत नाही.

मग करायचं काय? आपल्याकडे याचं उत्तर जुनं आहे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसा शाळेत येऊ शकत नाही, म्हणून त्यांनी शाळेची वेळ बदलली. बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत शिकले. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच झोपणं. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवायचे. पुढे १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. तिन्ही ठिकाणी सूत्र एकच आहे. विद्यार्थ्याच्या आयुष्याकडे बघून वेळापत्रक ठरवलं गेलं. ऑनलाइन शिकवताना मी हेच सूत्र धरते, की वर्गातल्या ज्या विद्यार्थ्याची रेंज सगळ्यात कमी, त्याला डोळ्यांपुढे ठेवून तास आखायचा. त्याला जमलं तर सगळ्यांना जमतं.

आता एकेक गोष्ट सांगते. वही असेल तर लिहून घ्या. नसेल तर नंतर व्हॉइस नोट पाठवेन.

पहिली गोष्ट, शिकवण्याआधी विचारा. पहिल्या आठवड्यात धडा सुरू करू नका. प्रत्येक विद्यार्थ्याला फोन करा किंवा वैयक्तिक संदेश पाठवा आणि पाच प्रश्न विचारा. फोन तुझा स्वतःचा आहे की घरातला? तो तुझ्या हातात कधी असतो? रोजचा डेटा किती आणि तो तासाला पुरतो का? या सत्रात तू गावीच आहेस की कामासाठी कुठे जाणार आहेस? वाचायला कुठली भाषा सोपी जाते? हे ग्रुपमध्ये विचारायचं नाही. ग्रुपमध्ये सगळे म्हणतात, "हो मॅडम, सगळं आहे." पटावर साठ मुलं असतील तर दिवसाला दहा फोन, सहा दिवसांत काम होतं. मी हे आधी केलं असतं तर तो मुलगा फडात आहे हे मला जानेवारीतच कळलं असतं. मराठवाड्यातून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. आपलं दुसरं सत्र नेमकं त्याच काळात चालतं.

दुसरी गोष्ट, लाइव्ह तासाला मुख्य शिकवणं समजू नका. एका तासाच्या व्हिडिओ वर्गाला दर्जानुसार अर्धा जीबी ते एक जीबी डेटा लागतो. दिवसाला एक-दीड जीबी मिळणाऱ्या पॅकमधून रोज तीन तास कसे करायचे? उलट दहा मिनिटांची व्हॉइस नोट दीड-दोन एमबीत जाते. ती रात्री अकराला ऐकता येते, चुलीपुढे ऐकता येते, दोनदा ऐकता येते. म्हणून मी मुख्य आशय आवाजात देते. एका तासाच्या विषयाचे आठ-दहा मिनिटांचे तीन तुकडे करते. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला सांगते, "एकक दोन, भाग तीन, विषय अमुक." फाइललाही तेच नाव देते. बरोबर दोन पानांची टिपणं पाठवते. आवाज रेकॉर्ड करायला स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा, कागदावरचं वाचू नका, एका मुलीला समजावून सांगताय असं बोला. मागे कोंबडा आरवला तर आरवू द्या.

टिपणांबद्दल एक कळकळीची सूचना. ती युनिकोडमध्येच टाइप करा. कुणीतरी वर्षानुवर्षं श्रीलिपीत टाइप केलेल्या नोट्स वर्डच्या फाइलमध्ये पाठवतं आणि विद्यार्थ्याच्या फोनवर नुसत्या खुणा दिसतात. मुलाला वाटतं आपलाच फोन खराब आहे. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून चाळीस एमबीची पीडीएफ पाठवू नका. दोन पानं, मोठा टाइप, एक एमबीच्या आत. आणि पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर उघडून बघा.

तिसरी गोष्ट, लाइव्ह तास ठेवायचा तो प्रश्नांसाठी. आठवड्यातून एक किंवा दोन, चाळीस मिनिटांच्या आत. वेळ पहिल्या आठवड्यातल्या उत्तरांवरून ठरवा. माझ्या अनुभवात दुपारी बाराला फोन वडिलांबरोबर बाहेर असतो. रात्री साडेआठ-नऊला तो घरी येतो, पण तेव्हा मुलींना भाकरी करायच्या असतात. म्हणून एक तास रात्री आणि तोच पुन्हा सकाळी सातला घ्या. कॅमेरा सक्तीचा नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. स्वतःचा कॅमेराही पहिली दोन मिनिटं लावून नमस्कार झाला की बंद केला तरी चालतं, त्याने समोरच्याचा डेटा वाचतो. हजेरी कशी घ्यायची? तास संपताना एक सोपा प्रश्न विचारा आणि एका वाक्यात उत्तर मागा. चॅटमध्ये लिहा, व्हॉइस नोट पाठवा, साधा एसएमएस करा, काहीही चालेल. कॉलेजला पुरावा हवा असेल तर उत्तरांची यादी द्या. प्राचार्यांना लेखी विनंती करा की चेहऱ्यांच्या स्क्रीनशॉटऐवजी ही यादी ग्राह्य धरावी. मी नंतर अशी विनंती केली. त्यांनी दोन आठवडे घेतले, पण मान्य केली. मी सुरुवातीला विचारलंच नव्हतं. तासिकेवरच्या माणसाला विचारायची भीती वाटते.

चौथी गोष्ट, नावं आणि याद्या. प्रत्यक्ष वर्गात आडनाव हजेरीपुरतं येतं. ऑनलाइन तासात ते तासभर पडद्यावर लटकत असतं. आपल्याकडे तर आडनाव आधी लिहायची पद्धत. म्हणून विद्यार्थ्यांना सांगा की फक्त स्वतःचं नाव आणि हजेरी क्रमांक ठेवला तरी चालेल. काही ॲपमध्ये तासाला आल्यावर नाव बदलता येतं, काहींमध्ये खात्यावरचंच नाव दिसतं, ते आधी बदलून घ्यावं लागतं. कसं बदलायचं हे पहिल्या तासाला दाखवा. ज्याला आपलं आडनाव अभिमानाने ठेवायचं आहे तो ठेवेल. ठरवू दे त्याला.

याद्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज राहिलेल्यांची यादी ऑफिसकडून येते. त्यात नाव, प्रवर्ग, फोन नंबर, कधी कधी थकलेली फीसुद्धा असते. आपण ती तशीच वर्गाच्या ग्रुपमध्ये ढकलतो, "यांनी ताबडतोब महाडीबीटीचा फॉर्म भरावा." एका क्षणात सगळ्या वर्गाला कोण कुठल्या प्रवर्गातलं हे कळतं. अशी यादी ग्रुपवर कधीही टाकू नका. ज्याचं काम त्याला एकेक संदेश पाठवा. चाळीस संदेश पाठवायला अर्धा तास जातो. तो अर्धा तास द्या.

मुलींच्या नंबरांचंही तसंच. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि मग रात्री अनोळखी संदेश सुरू होतात. घरच्यांना कळलं की मुलीचा फोन बंद, पर्यायाने शिक्षण बंद. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या घोषणा ग्रुपमध्ये किंवा टेलिग्राम चॅनलवर सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. सूचना आणि नोट्स तिथून द्या.

पाचवी गोष्ट, कुणी कुणाला हसलं तर. मी त्या दिवशी "शांत बसा" म्हणाले. म्हणजे हसणारा आणि ज्याला हसले तो, दोघांनाही मी एकाच मापाने मोजलं. आता काय करते ते सांगते. शिकवणं तिथेच थांबवते. ज्याने लिहिलं त्याचं नाव घेऊन म्हणते, "हे वाक्य पुसू नकोस, त्यावर बोलू." मग वर्गाला सांगते की ऊस तोडणारा, वीटभट्टीवर जाणारा, कंपनीत रात्रपाळी करून तासाला बसणारा विद्यार्थी या वर्गात आहे आणि त्याचा या वर्गावर माझ्याइतकाच हक्क आहे. ज्याला हसले त्याला मात्र त्या वेळी सगळ्यांसमोर बोलायला लावत नाही. त्याच संध्याकाळी त्याला फोन करते. वीस दिवसांनी नाही, त्याच संध्याकाळी. प्रकार जातीवरून असेल तर स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ जपून ठेवा. विद्यार्थ्याला विचारून, त्याची तयारी असेल तर, कॉलेजच्या समान संधी किंवा अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

सहावी गोष्ट, भाषा. पारिभाषिक शब्द मराठीत आणि देवनागरीत लिहिलेल्या इंग्रजी उच्चारात, असे दोन्ही द्या. 'सामाजिक गतिशीलता' म्हणजेच 'सोशल मोबिलिटी', हे एकदा कळलं की उद्या मुलाखतीत तो शब्द ऐकून मूल गांगरत नाही. पण समजावताना बोलीला मज्जाव करू नका. "माझा बाप सालगडी होता अन् मी बँकेत लागलो" हे स्तरीकरणावरचं आणि गतिशीलतेवरचं अस्सल उत्तर आहे. न-ण च्या चुकांवर सगळ्यांसमोर बोट ठेवू नका. ज्यांना मराठी टाइप करायला जड जातं त्यांना फोनच्या कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाखवा. बोललेलं मराठीत टाइप होतं. ही एक गोष्ट दाखवली तेव्हा माझ्या वर्गातल्या दोन गृहिणींनी पहिल्यांदा पानभर उत्तर पाठवलं. हाताने लिहून काढलेला फोटोही घ्या. दिव्यांग विद्यार्थी असेल तर त्याला काय सोयीचं पडतं हे त्यालाच विचारा. ऐकू न येणाऱ्याला व्हॉइस नोटचा काही उपयोग नाही, त्याला लिखित टिपण वेळेवर मिळालं पाहिजे.

सातवी गोष्ट, मूल्यमापन. कॅमेऱ्यावर नजर ठेवून घेतलेली परीक्षा ही मुळातच एका खोलीच्या घराविरुद्धची परीक्षा आहे. मागून कुणी गेलं की संशय, वीज गेली की शून्य. अंतर्गत मूल्यमापनात आपल्या हातात जेवढं असतं तेवढं तरी बदला. एका मोठ्या चाचणीऐवजी सहा लहान कामं द्या आणि त्यातली सर्वोत्तम चार धरा. मुदत रात्री बारापर्यंतची न ठेवता पूर्ण आठवड्याची ठेवा, ज्यात एक रविवार येईल. प्रश्न असे विचारा की उत्तर इंटरनेटवरून किंवा एआयकडून उचलता येणार नाही. "जातिव्यवस्थेची वैशिष्ट्ये लिहा" असं विचारलं तर सगळ्यांची एकसारखी उत्तरं येतात. "तुमच्या गावातल्या पाणवठ्यांचा नकाशा काढा. तीस वर्षांपूर्वी कोण कुठे पाणी भरायचं ते घरातल्या थोरल्या बाईला विचारा आणि आज काय बदललं ते लिहा" असं विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. आणि अशा प्रश्नात आपल्या मुलांना उणं पडत नाही. फडातून शिकणाऱ्या मुलाकडे श्रमाच्या समाजशास्त्राची जी माहिती आहे ती माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हती. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांची फोनवर पाच मिनिटांची तोंडी घ्या.

आठवी गोष्ट, गप्प झालेल्यांची यादी. माझ्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. ऑनलाइन वर्गातून मूल गळतं तेव्हा आवाज होत नाही. रिकामा बाक दिसत नाही. म्हणून दर शुक्रवारी एक यादी करा, ज्यांच्याकडून दोन आठवडे काहीच आलं नाही त्यांची. त्यांना फोन करा. सुरुवात "का आला नाहीस?" अशी करू नका, मूल आधीच ओशाळलेलं असतं. "तुझा आवाज दोन आठवडे ऐकला नाही, बरा आहेस ना?" असं म्हणा. मग सांगा की काय राहिलं आहे आणि त्यातलं सगळ्यात आधी कोणतं करायचं. एकच काम सांगा, पाच नको. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आठवणीने सांगा. आपल्याकडे पुष्कळ मुलांचं वर्ष फॉर्मच्या तारखेपायी जातं. घरात कॉलेज माहीत असलेलं कुणी नसतं, म्हणून त्यांना आठवण करून देणारंही कुणी नसतं.

शेवटची गोष्ट तुमच्याबद्दल. तुमच्यापैकी बहुतेकजण तासिका तत्त्वावर आहात. रेकॉर्डिंग, फोन, तपासणी, यांचे पैसे कुणी देत नाही. मग हे सगळं करायचं तर आपलं पोट कसं भरायचं, हा प्रश्न खरा आहे. मी दोन गोष्टी सांगेन. एक, स्वतःला मर्यादा घाला. फोनसाठी रोजचा एक तास ठरवा आणि तो विद्यार्थ्यांना सांगा. शक्य असेल तर वेगळं सिम ठेवा. एकदा चांगल्या केलेल्या व्हॉइस नोट्स पुढच्या वर्षी पुन्हा वापरा, दोन-तीन मित्रांनी एकक वाटून घ्या. दोन, आपल्या धडपडीने संस्थेची जबाबदारी झाकली जाऊ देऊ नका. कॉलेजची संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी ठेवा, ग्रंथालयाचं वायफाय विद्यार्थ्यांना द्या, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी छापील टिपणांचे संच काढा, रेकॉर्डिंगचा वेळ तासिकेत धरा, अशी मागणी लेखी करा आणि चार-पाच जणांनी मिळून करा. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच मांडलं होतं की सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा लाभ घेतात वरचे वर्ग. रिचार्जचं बिल गरिबाने भरायचं आणि आकडेवारी 'डिजिटल' म्हणून संस्थेने मिरवायची, हा त्याचाच नवा प्रकार आहे. आपण विद्यार्थ्याला सांभाळून घेतो तेव्हा ते उपकार नसतात. त्याचा हक्क संस्था नाकारत असते आणि आपण तात्पुरती फट बुजवत असतो, हे विसरायचं नाही.

मी अजूनही शिकतेच आहे. पीएच.डी. करता करता आठवड्यातून दोन दिवस नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांचा ऑनलाइन वर्ग घेते. आजही कधी कधी वीस नावं दिसतात, एकही चेहरा नाही, आणि आपण भिंतीशी बोलतोय असं वाटतं. तेव्हा मला ते वाक्य आठवतं, "कॅमेरा बंद होता तवा मी रोज ऐकत होतो." बंद कॅमेऱ्यामागे कुणीतरी ऐकत असतं, असं धरूनच मी बोलत राहते.

तुमचा पुढचा ऑनलाइन तास सुरू होण्याआधी एक काम करा. पटावरचं एक नाव वहीत लिहा, ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याचं. मग तासाची वेळ, फाइलचा आकार, चाचणीचा प्रश्न, काहीही ठरवताना त्या नावाकडे बघा आणि स्वतःला विचारा, याला जमेल का?

आता तुमचे प्रश्न घेऊ. बोला, टाइप करा, व्हॉइस नोट पाठवा. ज्यांची रेंज मध्येच गेली त्यांनी रात्री नऊनंतर फोन केला तरी चालेल.

जयभीम. जय सावित्री.